भिंतीवरचा डाग : ड्रीमवर्ल्डच्या राफ्ट राइडचं प्रकरण

पाणी कमी झालंय हे ओळखायची त्या राइडवर एकच सोय होती, भिंतीवरचा डाग. म्हंजे रोज पाणी जिथपर्यंत असतं तिथे काँक्रीटवर मळाची, शेवाळाची जी रेघ पडते ना, ती. आपल्याकडे विहिरीला असते तशी. ऑपरेटरने लोकांना बसवता-उतरवता मधेच तिकडे एक नजर टाकायची, रेघ उघडी पडलेली दिसली की समजायचं पाणी खाली गेलंय. सेन्सर नाही, अलार्म नाही, साधा दिवासुद्धा नाही.

आता हे कुठल्या जत्रेतल्या पाळण्याबद्दल चाललेलं नाहीये. हे ऑस्ट्रेलियातलं, क्वीन्सलँड राज्यात गोल्ड कोस्टला कूमेरा म्हणून जागा आहे तिथलं ड्रीमवर्ल्ड, त्या देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या पार्कांपैकी एक, १९८१ पासून चालू. आणि राइड म्हंजे थंडर रिव्हर रॅपिड्स. २५ ऑक्टोबर २०१६ ला दुपारी दोन वाजून गेल्यावर तिथे चार माणसांचा जीव गेला.

मी हे का लिहितोय तर दर मे महिन्यात आमच्या सोसायटीची ट्रिप निघते, कधी खोपोलीला कधी गोराईला, आणि दर वेळी कोणीतरी मला विचारतंच की तू मशीनवाला ना, सांग बरं राफ्टवाल्या राइडमधे मुलांना बसवू का. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पंप, कन्व्हेअर, पॅनेल ह्यातच दिवस जातो, त्यामुळे लोकांना वाटतं ह्याला कळत असेल. खरं सांगायचं तर मला राइडमधलं काही कळत नव्हतं. मग ह्या प्रकरणाची कॉरोनरची चौकशी निघाली, २०१८ मधे साक्षी झाल्या, २०२० च्या फेब्रुवारीत निष्कर्ष आले, ते वाचायला घेतलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून असं व्हायला लागलं की अरे हे तर आमच्याच शॉपफ्लोअरचं चाललंय. तेच पंप ट्रिप होणं, म्हंजे फॉल्ट येऊन आपोआप बंद पडणं, तेच रिसेट, तेच "बघू, संध्याकाळपर्यंत चालवू". कॉरोनर म्हंजे तिकडे संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी, इथे जेम्स मॅकडूगल हे होते.

आधी ही राइड चालते कशी ते थोडं बघू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रॅपिड्स राइड म्हंजे खोटी खळाळती नदी. काँक्रीटचा एक वळणावळणाचा पाट, त्यात गोल राफ्ट सोडलेले, कडेला रबराची जाड ट्यूब आणि आत गोलाकार सहा सीट, सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतात, राफ्ट आपोआप गरगरत पुढे जातो आणि कोण भिजणार ते कोणाच्याच हातात नसतं, मजा तीच आहे. असली पहिली राइड १९८० साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डमधे आली, इंटामिन कंपनीने केलेली. मग जगभर पसरली. ड्रीमवर्ल्डची १९८६ च्या डिसेंबरात सुरू झाली, सोन्याच्या खाणींच्या जमान्याची थीम, पार्कच्या त्या भागाचं नावच गोल्ड रश कंट्री. वेगाची नाही, उंचीची नाही, घरच्यांनी सगळ्यांनी मिळून बसायची राइड. रोलर कोस्टरला घाबरणारे लोक जिथे जातात ती.

नदी खोटी असली तरी पाण्याला उतार खरा लागतो. म्हणून दोन मोठे पंप सतत पाणी उचलून वर टाकत असतात, ते पाटातून खाली वाहत येतं, परत पंपाकडे जातं. हे पाणी "भरून ठेवलेलं" नसतं, ते पंप चालू आहेत तोवरच त्या उंचीवर असतं. पंप बंद पडला की पाणी जिथे खोल जागा असेल तिथे धावतं, आणि वरच्या भागातली पातळी बघता बघता उतरते. आणि राइडच्या शेवटी, राफ्ट परत वर आणायला एक कन्व्हेअर, लाकडी फळ्यांचा, साखळीवर फिरणारा. राफ्ट तरंगत येतो, फळ्यांवर चढतो, कन्व्हेअर त्याला वर नेऊन पुढच्या पाण्यात सोडतो, तिथून तो तरंगत उतरायच्या धक्क्याला लागतो. आणि त्या पाण्याच्या तळाशी लोखंडी रूळ होते, राफ्टला आधार म्हणून. पाणी भरपूर असलं की राफ्ट त्या रुळांच्या वरून तरंगत जातो, त्यांना शिवतही नाही.

आता जोड बघा. कन्व्हेअर विजेवर चालतो, पंपावर नाही. पंप बंद पडला तरी कन्व्हेअरला त्याचं काही नाही, तो आपला फिरतोय, राफ्ट आणून टाकतोय. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलासुद्धा हे शिकवतात की एक यंत्र दुसऱ्यावर अवलंबून असेल तर मधे इंटरलॉक टाक, हे थांबलं तर तेही थांबलं पाहिजे. इथे पाणी गेलं तर कन्व्हेअर थांबवायचं काम माणसाचं. डाग बघून.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, गच्चीवरच्या टाकीला फ्लोट असतो, कंट्रोलर असतो, टाकी भरली की कुईकुई वाजायला लागतो, खालच्या टाकीतलं पाणी संपलं तर मोटर आपोआप बंद, नाहीतर मोटर जळेल म्हणून. आपण मोटर जळू नये म्हणून ही सोय करतो. हजारो माणसं बसतात त्या राइडला ती नव्हती, आणि चौकशीत तज्ज्ञांनी सांगितलं की पातळी मोजून राइड आपोआप थांबवणं हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं आणि महागही नव्हतं. तीस वर्षांत कोणी बसवलं नाही इतकंच.

तर त्या दिवशी झालं काय. दोन पंपांपैकी दक्षिणेकडचा जो होता तो त्या दिवशी आधीच दोनदा बंद पडला होता. आधीच्या काही दिवसांतही पडला होता. कारण अर्थ फॉल्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, करंट जिथे जायला नको तिथून, म्हंजे इन्सुलेशनमधून किंवा ओलाव्यातून जमिनीकडे गळतोय असं ड्राइव्हला, म्हंजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला, जाणवलं की तो स्वतःला बंद करून घेतो. ते त्याचं बरोबरच आहे. फॉल्ट दाखवणं म्हंजे तो सांगतोय की बाबा रे माझ्यात काहीतरी बिघडलंय, बघ. आणि अर्थ फॉल्टचा एक स्वभाव आहे जो प्रत्येक इलेक्ट्रिशियनला पाठ असतो, रिसेट केलं की बऱ्याचदा जातो. तासभर चालतो, दोन तास चालतो, कधी कधी आठवडाभर काही होत नाही. त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की रिसेट हाच उपाय आहे.

तसंच झालं. पंप पडला, माणूस आला, रिसेट, राइड चालू. परत पडला, परत रिसेट, परत चालू. बाहेर रांग लागलेली असते, कोणाला थांबवायचंय. मी ह्यावर कोणाला नावं ठेवणार नाही कारण मी स्वतः काय करायचो ते पुढे सांगतो.

तिसऱ्यांदा पंप पडला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेलेले. पाणी उतरायला लागलं. उतरायच्या धक्क्याजवळ एक राफ्ट होता तो तरंगायचा थांबला आणि तळाच्या लोखंडी रुळांवर बसला. अडकला. मागून कन्व्हेअरवरून दुसरा राफ्ट येत होता, त्यात सहाजण, चार मोठी माणसं आणि दोन मुलं, एक बारा वर्षांची मुलगी आणि एक दहा वर्षांचा मुलगा. एक बहीण-भाऊ, भावाचा जोडीदार, बहिणीची मुलगी, आणि त्याच राफ्टमधे जागा होती म्हणून बसलेली दुसऱ्याच घरातली एक आई आणि तिचा मुलगा. मोठ्यांची वयं ३२ ते ४२.

पंप बंद पडल्यापासून ते दोन राफ्ट एकमेकांवर आदळेपर्यंत साधारण एक मिनिट गेलं. मिनिट हे आमच्या धंद्यात खूप मोठं असतं. मिनिटभरात काहीही थांबवता येतं.

राफ्ट आदळला, पुढे जायला जागा नाही कारण समोरचा हलत नाहीये, आणि कन्व्हेअर खालून ढकलतोच आहे. मग राफ्ट पुढून उचलला गेला आणि उभा राहिला, आणि कन्व्हेअरचा शेवट आणि ते रूळ ह्यांच्या मधे जी फट होती तिथे खेचला जायला लागला. त्यात भर म्हंजे कन्व्हेअरच्या फळ्या मूळच्या जितक्या होत्या तितक्या राहिलेल्याच नव्हत्या, मधल्या बऱ्याच फळ्या मागेच कधीतरी काढून टाकलेल्या, त्यामुळे फळीफळीत मोठं अंतर. कॉरोनरच्या निष्कर्षांत ह्या दोन गोष्टी, ती फट आणि त्या काढलेल्या फळ्या, परत परत येतात. ह्यापुढचं वर्णन मी वाचलंय पण लिहिणार नाही. चौघं मोठी माणसं गेली, दोन्ही मुलं वाचली. मुलांनी जे बघितलं ते बघून ती वाचली.

आता बटण. हे प्रकरण बऱ्याच जणांनी "त्या पोरीने बटण दाबलं नाही" एवढंच ऐकलंय, आणि म्हणून जरा सावकाश सांगतो.

राइडवर दोन ऑपरेटर होते. एक अनुभवी, तो लोकांना बसवणार आणि मुख्य पॅनेलही सांभाळणार. दुसरी उतरवायच्या धक्क्याला, तिचा त्या राइडवरचा पहिलाच दिवस, सकाळी दीडएक तासाचं ट्रेनिंग झालेलं. तिच्या हाताजवळ एक इमर्जन्सी स्टॉप होता, तो दाबला की कन्व्हेअर दोन सेकंदांत थांबतो. दोन सेकंद. मुख्य पॅनेलवरही कन्व्हेअर थांबवायचं बटण होतं पण ते हळू थांबवणारं, त्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. आणि पंप, कन्व्हेअर, सगळं एकदम बंद करणारं असं एकच बटण कुठेच नव्हतं. मुख्य ऑपरेटरने चौकशीत सांगितलं की पाणी गेलेलं दिसल्यावर मी बटण दाबलं, परत दाबलं. आणि धक्क्यावरच्या मुलीला तिच्या जवळचं ते बटण नक्की काय बंद करतं हेच माहीत नव्हतं.

आणि हे माहीत नसणं अपघाताने नव्हतं. काही दिवस आधीच ऑपरेटर लोकांना एक मेमो गेलेला की धक्क्यावरचं बटण मुख्य पॅनेलपर्यंत पोचणं शक्य नसेल तरच दाबायचं. कशासाठी असं लिहिलं असेल हे मी कल्पना करू शकतो, कोणीतरी उगाच दाबलं असेल, कन्व्हेअर झटक्यात थांबला असेल, राइड बंद राहिली असेल. आमच्याकडेही एकदा प्रेस लाइनला ई-स्टॉपवर, म्हंजे अशाच इमर्जन्सी बटणावर, पारदर्शक झाकण बसवलं होतं, हात लागून दाबला जातो म्हणून. ऑडिटवाल्याने ते बघून डोक्याला हात लावला. लाल बटण मशरूमसारखं मोठं आणि बाहेर आलेलं का असतं, तर कोपराने, पाठीने, कशानेही दाबता यावं म्हणून. त्याच्याबद्दल "शक्यतो दाबू नका" अशी सूचना काढली की ते बटण राहत नाही, भिंतीवरची शोभा होते.

त्यात अजून एक गोष्ट म्हंजे मुख्य ऑपरेटरवर एका वेळी किती कामं होती. लोक बसवणं, पट्टे बघणं, राफ्ट सोडणं, येणारे राफ्ट बघणं, पॅनेल, कॅमेऱ्याचे स्क्रीन, रांगेतली मुलं उड्या मारतायत ते, आणि पाण्याचा डाग. हे सगळं मिनिटाच्या आत, परत परत, दिवसभर. माणसाला एवढं देऊन मग "तुझं लक्ष कुठे होतं" असं विचारणं सोपं असतं. कॉरोनरने ऑपरेटरांवर खापर फोडलं नाही, आणि मला ते पटलं. त्या यंत्राची सुरक्षितता माणसाच्या नजरेवर टांगून ठेवली होती आणि नजर सात ठिकाणी वाटलेली.

बरं, हे पहिल्यांदाच झालं का? नाही ना. २००१ च्या जानेवारीत ह्याच राइडवर राफ्ट एकमेकांवर आदळून एक उलटला होता. आत माणसं नव्हती म्हणून निभावलं, आणि तेव्हाच्या कागदांत लिहिणाऱ्याने ही भीतीही लिहून ठेवलीय की आत लोक असते तर काय झालं असतं. म्हंजे पंधरा वर्षं आधी कोणाला तरी हा अपघात दिसला होता, अक्षरशः दिसला होता. २००४ मधे राफ्ट धडकून एक पाहुणा पाण्यात पडला. २०१४ मधे परत दोन राफ्ट धडकले, तेव्हा काय केलं तर ऑपरेटरला कामावरून काढलं. झालं, विषय मिटला. आमच्याकडे ह्याला "कॅपा बंद केली" म्हणतात, कॅपा म्हंजे चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय केलं त्याची नोंद, कागदावर कारण लिहायचं "मानवी चूक", उपाय लिहायचा "ऑपरेटरला समज दिली", आणि फाइल बंद. मानवी चूक लिहिली की खालचं काहीच खोदावं लागत नाही, फट तशीच, फळ्या तशाच, फ्लोट तसाच नाही.

आणि माणसं बदलत गेली. हा भाग मला वाचताना फार ओळखीचा वाटला. ज्याने फळ्या काढल्या त्याला त्याचं कारण माहीत असेल, तो गेला. ज्याने २००१ चा कागद लिहिला तोही गेला. २०१६ ला जे सेफ्टी बघत होते, मेंटेनन्स बघत होते, त्यातल्या कितीतरी जणांना जुने धडकण्याचे प्रकार माहीतच नव्हते. कॉरोनरने म्हटलंय की तीस वर्षांत ह्या राइडचा इंजिनियरिंगच्या अंगाने धड एकदाही पूर्ण धोका-अभ्यास झाला नव्हता. बदल होत गेले, जोडजाड होत गेली, आणि प्रत्येक बदलानंतर "आता हे सगळं मिळून कसं वागेल" हे कोणी बघितलं नाही. राइड जुनी होती हा दोष नाही हो, जुन्या यंत्रांवर तर आमचं पोट आहे. १९८६ च्या लेथवर अजून एक शतांश मिलिमीटरमधे काम निघतं. पण त्या लेथची वही आहे, कधी कोणता गिअर बदलला, कोणी बदलला, सगळं. ड्रीमवर्ल्डची सुरक्षेची कागदपत्रं कॉरोनरला इतकी कच्ची वाटली की त्यांनी त्यावर स्वतंत्र कडक शेरे मारलेत.

पुढचं पटकन सांगतो. पार्क दीडएक महिना बंद होतं, १० डिसेंबर २०१६ ला उघडलं. ही राइड परत कधीच चालू झाली नाही, पाडली. पार्क तेव्हा चालवणारी कंपनी आर्डेंट लेझर, तिने २०२० मधे गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबरात साउथपोर्टच्या कोर्टाने ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. कंपनीला. कुठल्या एका माणसाला शिक्षा झाली नाही. ह्यावर तिकडे लोक चिडले, आणि माझं मत विचाराल तर मी दोन्हीकडे आहे. एकीकडे वाटतं की दंड कंपनी भरते आणि कंपनी म्हंजे कोणीच नाही. दुसरीकडे वाटतं की शोधायला गेलं तर शेवटी सापडला असता तो पंप रिसेट करणारा इलेक्ट्रिशियन, कारण सही त्याची असते, मेमो काढणाऱ्याची नसते आणि फळ्या काढायला होकार देणाऱ्याची तर नसतेच नसते.

कायद्यात मात्र फरक पडला. क्वीन्सलँडने २०१७ मधे कामाच्या जागी निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर तो कंपनी आणि वरिष्ठ अधिकारी ह्यांच्यावर मनुष्यवधासारखा गुन्हा धरायची तरतूद आणली, त्यामागे हे प्रकरण आणि त्याच सुमारासचा ब्रिस्बेनमधल्या ईगल फार्मचा कामगारांचा अपघात. आणि २०१९ मधे मोठ्या पार्कांना परवाना आणि त्यासाठी सेफ्टी केस सक्तीची केली. सेफ्टी केस म्हंजे काय तर "आमची राइड सुरक्षित आहे" असं नुसतं म्हणून चालणार नाही, कशामुळे सुरक्षित आहे, काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय आपोआप थांबतं, हे सगळं पार्कनेच लिहून सरकारला पटवायचं. तेल-वायूच्या कारखान्यांना असतं तसं.

आता माझं. २०१९ ची गोष्ट, आमच्याकडे मशीन शॉपला कूलंटचा, म्हंजे कापताना टूल थंड ठेवणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, मोठा पंप आहे, सगळ्या मशीनना एकाच टाकीतून कूलंट जातं. त्याचा ड्राइव्ह अर्थ फॉल्टला ट्रिप व्हायला लागला. सेकंड शिफ्टला मी होतो. पहिल्यांदा पडला, रिसेट. तासाने पडला, रिसेट. तिसऱ्यांदा पडला तेव्हा प्रॉडक्शनचे साहेब स्वतः आले, म्हणाले "काय रे, किती वेळ?" आणि मी म्हणालो "दोन मिनिटं साहेब". दोन मिनिटं म्हंजे काय तर रिसेट दाबायचं आणि पॅनेलचं दार लावायचं. दार मी मुद्दाम जरा जोरात लावलं, काम केल्यासारखं वाटावं म्हणून. चौथ्यांदा पडला तेव्हा एका मशीनवर टूल कोरडंच चालत राहिलं, फुटलं, आणि त्याचा तुकडा काचेला लागून काच तडकली. काचेमागे आमच्या शॉपमधला एक पोरगा उभा होता. काच तडकली, फुटली नाही. त्या काचेचा फोटो माझ्या मोबाइलमधे अजून आहे.

रिपोर्टमधे मी लिहिलं, "टूल जुने झाले होते." हे आज पहिल्यांदा असं उघड लिहितोय.

२०२० मधे कॉरोनरचं ते वाचताना, दक्षिण पंप, अर्थ फॉल्ट, दोनदा रिसेट, इथवर आलो आणि वाचन थांबवलं. लॉकडाऊन नुकताच लागलेला, घरात सगळे होते, बायको म्हणाली "काय झालं", मी म्हटलं काही नाही.

गेल्या मे मधे ट्रिपला एका पार्कात गेलो, नाव घेत नाही. राफ्ट राइडला आमची मुलं आधी पळाली, मी मागून. रांगेत उभं राहून मी पहिल्यांदा पाण्याकडे बघितलं, मग कन्व्हेअरकडे. फळ्या सलग होत्या. कन्व्हेअर जिथे संपत होता तिथे खाली काय आहे ते वाकून बघायला लागलो तर भाचा म्हणाला "मामा, लोक बघतायत". उतरायच्या धक्क्याला एक मुलगा होता, विशीतला, भिजलेला टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. त्याच्या बाजूला खांबावर लाल बटण. उतरताना मी त्याला विचारलं, "भाऊ, हे दाबलं तर काय बंद होतं?" त्याने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता म्हणणार की काका पुढे चला. पण तो म्हणाला, "पट्टा बंद होतो. पंप चालूच राहतो. पंपाचं तिकडे वर आहे." आणि मग हसून, "रोज सकाळी दाबून बघतो आम्ही, साहेबांसमोर."

"आणि पाणी कमी झालं तर?"

"तर पट्टा आपोआप थांबतो, वाजतं ते. परवाच थांबला होता. लोक शिव्या देत होते."

मी मुलांना अजून एकदा बसू दिलं. आमच्या सौ. म्हणाल्या त्या पोराशी एवढं काय बोलत होतास, म्हटलं ओळखीचा निघाला.

कारखान्यात आता मी एक केलंय, आणि ते करायला मला आठ महिने आणि तीन मीटिंग लागल्या. ड्राइव्ह एका शिफ्टमधे दुसऱ्यांदा ट्रिप झाला की पॅनेलला कुलूप, आणि चावी शिफ्टवाल्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, इलेक्ट्रिकलच्या साहेबांकडे, ते मोशीला राहतात. मागच्या गुरुवारी रात्री दोनला तेच झालं. साहेब येईपर्यंत सव्वा तास गेला, चौदा मशीन उभ्या, मी आणि ऑपरेटर लोक कॅन्टीनमधे चहा पीत बसलो, एक जण म्हणालाच की आधी बरं होतं राव, दाबलं की चालू. साहेब आले, मेगर लावला, म्हंजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समधे केबल ग्लँड, म्हंजे वायर आत जाते तिथलं घट्ट बूच, सैल झालेली, आत कूलंट झिरपून हिरवट चिकट थर साठलेला. किती दिवसांचा असेल विचारलं तर साहेब म्हणाले, "दिवसांचा? सहा महिन्यांचा तरी."